ल्वारच्या काठाने सायकल टूर कशी करायची: आँजे ते ऑर्लेआँ, नदीच्या उलट्या दिशेने

फ्रान्समध्ये सायकल म्हटलं की आपले लोक लगेच आल्प्सचे घाट शोधायला बसतात, पण तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल, सोबत घरची मंडळी असतील किंवा रोज शंभर किमी मारायची कुणाला हौस नसेल, तर सरळ ल्वार नदीचा काठ धरा. चढ जवळपास नाहीत, बराचसा रस्ता गाड्यांपासून वेगळा किंवा अगदी कमी वर्दळीचा, दर काही किलोमीटरवर एखादं जुनं गाव नाहीतर शातो (म्हणजे महाल किंवा गढी), आणि मुख्य म्हणजे नदीला समांतर रेल्वे, त्यामुळे पाय दुखले, पाऊस लागला, कुणी आजारी पडलं तरी पुढच्या स्टेशनवर सायकलसकट गाडीत बसता येतं. दॉर्दोन्य नदीचा काठ पण सुंदर आहे, पण तिथे नदीपासून जरा बाजूला गेलं की चढ सुरू होतात, ती दुसऱ्या खेपेला ठेवा.

या मार्गाचं नाव ला ल्वार आ व्हेलो. नव्हेरजवळच्या कुफीपासून अटलांटिकवरच्या सँ-ब्रेव्हाँ-ले-पाँपर्यंत साधारण ९०० किमी, आणि यातला बराच भाग युरोव्हेलो ६ या युरोपभर जाणाऱ्या लांब सायकलमार्गात येतो, म्हणजे तोच रस्ता धरून माणूस थेट काळ्या समुद्रापर्यंत जाऊ शकतो. पूर्ण ९०० करायची काही गरज नाही. मधला आँजे ते ऑर्लेआँ हा साधारण ३०० किमीचा तुकडा घ्या, सगळ्यात जास्त माल याच्यातच आहे. सुली-स्यूर-ल्वार ते शालोन हा जो पट्टा युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा यादीत घेतला त्याचा बहुतेक भाग यात येतो.

आता दिशा. बहुतेक लोक ऑर्लेआँहून सुरू करून पश्चिमेला जातात, का तर नदी तिकडे वाहते म्हणून उतार मिळेल. पण हिशोब करा, ऑर्लेआँ समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर आणि आँजे वीसेक मीटरवर, म्हणजे ३०० किमीत ऐंशी मीटर उतार, तो पायांना कळत पण नाही. वारा मात्र कळतो. या खोऱ्यात वारा जास्त करून पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो, आणि बांधावरचा रस्ता उघडा, झाडं नाहीत, समोरून वारा लागला की सपाटीवरसुद्धा घाट चढल्यासारखा जीव जातो. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की आँजेला सुरू करा आणि पूर्वेला या. पाट्या दोन्ही दिशांना लावलेल्या आहेत त्यामुळे चुकायची भीती नाही. शिवाय शेवट ऑर्लेआँला झाला की पॅरिस रीजनल ट्रेनने तासाभराच्या आसपास, परतीच्या दिवशी डोक्याला ताप नाही. वारा कधीकधी पूर्वेकडूनही सुटतो, विशेषतः कडक उन्हाच्या दिवसांत, तेवढं गृहीत धरायचं.

रोज किती चालवायची? चाळीस किमी, फार तर पन्नास. इथे पुण्या-मुंबईचे बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणारे लोक हसतील, दोनशे किमी एका दिवसात मारणाऱ्याला चाळीस म्हणजे सकाळचा राउंड. पण मनापासून सांगतो, ही टूर अंतराची नाहीच. एकेका शातोला अर्धा दिवस सहज जातो, दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, जेवण मिळतं तेही त्याच दोन तासांत, दोननंतर बऱ्याच गावांत किचन बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. ऐंशी किमीचा प्लॅन केला की हे सगळं घड्याळाकडे बघत होतं आणि शेवटी आठवतात फक्त पाट्या. ज्याला अंतरच मारायचंय त्याच्यासाठी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहेच, दर चार वर्षांनी, १२०० किमी आणि ९० तास, आपले बरेच भारतीय जातात तिकडे. इथे चाळीस.

कधी जायचं तर मेचा दुसरा पंधरवडा, जून, किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत उजेड असतो, म्हणजे निवांत संध्याकाळ मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो, राहायला जागा महाग, आणि उष्णतेची लाट आली तर पारा चाळिशीला टेकतो. मेच्या सुरुवातीला जाणार असाल तर लक्षात ठेवा, १ मे ला जवळजवळ सगळं बंद, आणि ऑर्लेआँला ८ मे पर्यंत फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्क हिचा उत्सव असतो, तेव्हा हॉटेलं आधीच भरलेली. पाऊस कुठल्याही महिन्यात येतो, रेनकोट घ्याच.

व्हिसा शेंगेनचा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि लवकर करा, कारण उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात. कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स बंधनकारक आहे, घेताना त्यात सायकलिंग चालतं का ते वाचून घ्या, काही पॉलिसी अॅडव्हेंचर स्पोर्ट म्हणून वगळतात. राहायच्या जागांचे पुरावे द्यावे लागतात, त्यामुळे कॅन्सल करता येणारी बुकिंग रोजच्या मुक्कामाची करून ठेवा, आणि सोबत एक साधं पान जोडा, कुठल्या तारखेला कुठून कुठे सायकलने, म्हणजे रोज गाव का बदलतंय हे बघणाऱ्याला समजतं.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने? माझं मत, पहिल्या टूरला भाड्याने. ल्वारवर असे बरेच भाडेवाले आहेत जे एका शहरात सायकल देतात आणि दुसऱ्या शहरात परत घेतात, पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या बॅगा), कुलूप, पंक्चर किट सकट, आणि ई-बाइक पण मिळते, घरात एक जण फिट आणि एक जण नाही असं असेल तर ई-बाइकने भांडणं वाचतात. वन-वे साठी आधी मेल टाकून ठरवून घ्या. स्वतःचीच न्यायची असेल तर रोड बाइक नको, ३५ ते ४० एमएमचे टायर बसतील अशी हायब्रिड किंवा टूरिंग न्या, कारण डांबर आहे पण मधेच पांढऱ्या दाबलेल्या मुरुमासारखी वाट येते, कोरडी असताना धूळ चेनवर बसते आणि पाऊस पडला की तीच चिखल होते. रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसून तेलाचा थेंब, पाच मिनिटांचं काम आहे. ट्यूबा दोन जास्तीच्या घ्या आणि तुमचा व्हॉल्व्ह बारीक आहे की जाड ते बघून घ्या.

कायद्याच्या गोष्टी थोडक्यात. उजवीकडून चालवायचं, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं पण सकाळी हॉटेलच्या गेटमधून निघताना आणि रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना चूक होते, तेव्हा जागे राहा. गावांत बऱ्याच चौकांत उजवीकडून येणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो, पाटी नसली तरी. घंटी आणि रिफ्लेक्टर पाहिजेत, अंधारात किंवा धुक्यात पुढे-मागे दिवे, गावाबाहेर रात्री चमकणारं जॅकेट सक्तीचं, बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं (मोठ्यांनीही घालाच). कानात इयरफोन घालून चालवायला बंदी आहे, एका कानात पण नाही. इमर्जन्सी नंबर ११२.

पॅरिसहून आँजेला मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान गाडीने, दीड तासाच्या आसपास लागतो. उभी सायकल काही टीजीव्हीतच चालते आणि तिची जागा तिकिटाबरोबर रिझर्व्ह करावी लागते, चाकं काढून बॅगेत भरलेली असेल तर सामान म्हणून जाते पण बॅगेच्या मापाला मर्यादा आहे. रीजनल गाड्यांमध्ये, म्हणजे टेर वगैरे, सायकल साधारणपणे फुकट जाते, फक्त उन्हाळ्यात ल्वारच्या काही गाड्यांना सायकलचंही रिझर्व्हेशन लागतं तेव्हा निघायच्या आधी रेल्वेच्या अॅपवर त्या गाडीसमोर बघून घ्या.

तर आँजे. पहिला दिवस सायकल ताब्यात घेण्यात आणि किल्ल्यात घालवा. किल्ला काळपट दगडाचा, सतरा बुरूज, आणि आत चौदाव्या शतकातला विणलेला अपोकॅलिप्सचा, म्हणजे बायबलमधल्या जगाच्या अंताच्या चित्रांचा पडदा, आज उरलाय तो शंभरेक मीटर लांब आहे. अंधाऱ्या हॉलमध्ये डोळे सरावायला दोन मिनिटं द्या मग एक एक चित्र दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी शहराबाहेर पडताना वाट त्रेलाझेच्या जुन्या स्लेटच्या खाणींमधून जाते, दोन्ही बाजूला काळ्या चपट्या दगडांचे ढीग. हा दगड बघून ठेवा. कारण पुढे सोम्युरकडे जाताना घरांचा रंगच बदलतो, भिंती पांढऱ्या होतात, तो तूफो नावाचा मऊ चुनखडीचा दगड, बोट घासलं तर पांढरी पूड लागते, आणि छपरं मात्र त्याच काळ्या स्लेटची. अख्ख्या खोऱ्यातली घरं, चर्च, शातो या दोन दगडांवर उभी आहेत आणि सायकलच्या वेगाने जाताना हे जसं लक्षात येतं तसं बसमधून येत नाही.

आँजे ते सोम्युर वळसे धरून साठेक किमी होतात, मधे जेनला मुक्काम करा म्हणजे घाई नाही. या टप्प्यात बरेचदा तुम्ही नदीच्या बांधावरून चालता. हे बांध मध्ययुगापासून बांधत आणलेत, पुरापासून शेती वाचवायला. गावांत नदीकाठच्या भिंतींकडे लक्ष ठेवा, दगडात आडव्या रेघा कोरलेल्या असतात आणि बाजूला साल, १८४६, १८५६, १८६६. तिन्ही महापुरांच्या खुणा. सायकल भिंतीला टेकवून त्या रेघेखाली उभं राहिलं की कधी रेघ डोक्याच्या वर जाते, आणि समोर नदी बघावी तर ऑगस्टमध्ये पंढरपूरच्या वाळवंटासारखी, वाळूच वाळू आणि मधून पाण्याच्या दोनतीन धारा. विश्वास बसत नाही की हीच ती.

आणि म्हणूनच एक कळकळीची सूचना, पाणी उथळ दिसतंय म्हणून पोहायला उतरू नका. वाळूचा तळ पायाखालून सरकतो, प्रवाह फसवा आहे, दर उन्हाळ्यात लोक बुडतात, बहुतेक ठिकाणी पोहायला मनाईच आहे. वाळूच्या बेटांवर पण वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत जाऊ नका, तिथे सुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात, पाय पडला तर दिसतही नाहीत.

सोम्युर ते मोंसोरो हे जेमतेम बारा किमी, पण माझ्या मते पूर्ण मार्गातले सगळ्यात भारी बारा किमी. घरं बांधण्यासाठी जो पांढरा दगड काढला त्याच्या खाणींच्या गुहा राहिल्या, आणि लोकांनी त्याच गुहांना दारं-खिडक्या लावून घरं केली. सूझे-शाँपिन्यीत सायकलची वाट चक्क अशा कड्यात कोरलेल्या गल्लीतून जाते, जूनच्या उन्हातून आत शिरलं की एकदम गारवा लागतो, डोक्यावर दगडाचं छत, बाजूला कुणाच्यातरी जुन्या घराची कोरलेली चूल. इथे छोटे तीव्र चढ आहेत, उतरून ढकला. याच गुहांमध्ये मशरूमची शेती पण चालते. जेवायला फुए मागा, लाकडाच्या भट्टीतली छोटी फुगलेली गरम रोटी, त्यात पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या मऊ बीन्स नाहीतर बकरीचं चीज भरून देतात. शाकाहारी माणसाचं पोट इथे व्यवस्थित भरतं.

मोंसोरोहून फोंतव्हरोचं मठ पाच किमीच्या आत आहे, चढ आहे पण जा. ११०१ साली स्थापन झालेलं, आत इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट आणि त्याची आई एलेनॉर यांच्या दगडी समाध्या. परत खाली आलात की शेजारच्या काँद-सँ-मार्ताँला व्हिएन नदी ल्वारला मिळते, चर्चच्या मागून वर चढलं की संगम पूर्ण दिसतो.

पुढे शिनों. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क राजपुत्र चार्ल्सला इथल्या किल्ल्यातच येऊन भेटली आणि त्याच वर्षी तिने ऑर्लेआँला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवला, म्हणजे तिची कहाणी तुमच्या मार्गाला समांतर चालते, ते बरं वाटतं. शिनोंनंतर यूसे, मग व्हिलाँद्री, तिथे शातोपेक्षा बाग महत्त्वाची, भाजीपाल्याचे नऊ चौकोन, कोबी, बीट, भोपळा रंगांप्रमाणे लावलेले. ज्याला घरच्या गच्चीवर चार कुंड्या आहेत त्याने दोन तास तरी ठेवावेत. मग वीसेक किमीवर तूर, मोठं शहर, इथे एक दिवस आराम करा, कपडे धुवा, ब्रेक तपासून घ्या, संध्याकाळी नदीकाठी गँगेत, म्हणजे उघड्यावरचं खाण्यापिण्याचं ठिकाण असतं, तिथे बसा.

तूरहून आँब्वाज पंचवीस-तीस किमी. लिओनार्दो दा विंची १५१६ ला राजा फ्रान्स्वा पहिल्याच्या बोलावण्यावरून इथे आला आणि १५१९ ला इथेच गेला, क्लो ल्यूसेचं त्याचं घर बघता येतं. इथून शनोन्सोला जायचं असेल तर ल्वार सोडून आँब्वाजच्या जंगलातून शेर नदीकडे जावं लागतं, एका बाजूने बारा-पंधरा किमी, थोडा चढ. शनोन्सोचा महाल नदीवरच पुलासारखा उभा आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच जर्मनव्याप्त भागाची सीमा होती, त्यामुळे महालाचं एक दार एका राजवटीत आणि दुसरं दुसऱ्या. जा नक्की, पण सकाळी उघडताच, दुपारी बसेस येतात.

आँब्वाज ते ब्लुआ चाळीसेक किमी, वाटेत शोमों, तिथे १९९२ पासून दरवर्षी बागांचा महोत्सव असतो, एप्रिल ते साधारण नोव्हेंबरची सुरुवात. ब्लुआहून मग जंगल. शाँबोर. भोवती ३२ किमीची दगडी भिंत, आत ५,४४० हेक्टर रान, सोलोन्यच्या जंगलाचाच कोपरा. ओक आणि पाइनमधून जाणारी वाट संपते आणि एकदम समोर ती छपरांची, धुराड्यांची गर्दी येते. १५१९ ला बांधकाम सुरू झालं. आतला दुहेरी जिना बघायचाच, दोन माणसं एकाच वेळी चढ-उतर करतात, मधल्या खिडक्यांतून एकमेकांना दिसतात आणि भेटत मात्र नाहीत. शक्य असेल तर जवळपासच मुक्काम करा, गर्दी संध्याकाळी निघून जाते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर हरणांचं ओरडणं ऐकू येतं, खोल घोगरा आवाज, त्यासाठीच लोक येतात. त्याच काळात शिकारीचा सीझन सुरू झालेला असतो, 'शास आँ कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर त्या वाटेने जाऊ नका, बाकी ठिकाणीही भडक रंगाचे कपडे घाला. गवतात बसलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड आहे का बघा, त्यातून लाइम नावाचा आजार होतो.

शाँबोर ते बोजाँसी ते ऑर्लेआँ मिळून साठेक, दोन दिवस. वाटेत सँ-लोराँच्या अणुवीज केंद्राचे मोठाले कूलिंग टॉवर दिसतात, तेही ल्वारचंच रूप आहे, केंद्र थंड ठेवायला नदीचं पाणी लागतं म्हणून ही काठावर. बोजाँसीचा मध्ययुगीन कमानींचा पूल सायकलवरून ओलांडून गावात शिरायचं.

खाण्याचं जरा सविस्तर. रोज सकाळी बुलाँजरीतून, म्हणजे बेकरीतून, ताजा ब्रेड, बरोबर चीज, टोमॅटो, फळं, की दुपारची सोय झाली. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दोन दिवसांचं घेऊन ठेवा. शाकाहारींनी 'साँ व्हियाँद, साँ प्वासों' (मांस नको, मासे नकोत) म्हणायला शिकावं आणि 'साँ लार्दों' तर पाठच करावं, कारण सॅलड आणि कीशमध्ये (अंड्या-क्रीमचा खारा पाय) लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि त्यांना ते मांस वाटतच नाही. काटेकोर असाल तर पारंपरिक चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायचं, वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं हेही माहीत असू द्या. घरून भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी न्या, पण तूप, पेढे, मांसाचं काही नको, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. तंबूत स्वयंपाक करणार असाल तर गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथेच घ्या, आणि एक गोष्ट नीट बघा: फ्रान्समध्ये क्लिक करून बसणारे डबे सर्रास मिळतात, आपला स्टोव्ह बहुधा स्क्रूचा असतो, स्क्रूचे डबे डेकॅथलॉनमध्ये मिळतात.

पाणी संपलं आणि गावात सगळं बंद असेल तर चर्चजवळची स्मशानभूमी शोधा, फुलांसाठी तिथे जवळपास नेहमी नळ असतो. शांतपणे जायचं, बाटली भरायची, निघायचं. नळावर 'ओ नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर प्यायचं नाही.

मुक्कामासाठी 'आक्यॉय व्हेलो' हे चिन्ह बघा. हे असलेली हॉटेलं, घरगुती खोल्या, कॅम्पिंग मार्गापासून पाच किमीच्या आत असतात, सायकल कुलपात ठेवायची जागा आणि दुरुस्तीचं सामान ठेवतात. तंबू असेल तर नगरपालिकेची कॅम्पिंग सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक नदीला लागूनच. कुठेही तंबू ठोकायला मात्र परवानगी नसते. शातो बघायला आत जाताना लादलेली सायकल तशीच सोडू नका, मोठ्या ठिकाणी बॅगा ठेवायला लॉकर असतात, विचारा. पासपोर्ट आणि पैसे हँडलबार बॅगमध्ये, ती कायम अंगाबरोबर.

ऑर्लेआँला पोचलात की भाड्याची सायकल परत द्या आणि पॅरिसच्या आउस्टरलित्झ स्टेशनची गाडी पकडा. स्वतःची सायकल असेल तर दोनतीन दिवस आधीच तिथल्या एखाद्या सायकलच्या दुकानात फोन करून रिकामं खोकं राखून ठेवायला सांगा, नव्या सायकली त्यातच येतात त्यामुळे बरेचसे दुकानदार देऊन टाकतात. पेडल काढा, हँडल आडवं करा, टायरमधली हवा कमी करा, आणि एक पूर्ण दुपार या कामाला राखून ठेवा.